ज्यांच्या भावना दुखावत नाहीत

शिवाजी पार्कच्या आसपास राहणाऱ्या माणसाला इतिहास शोधायला कुठे जावं लागत नाही, तो कट्ट्यावर शेजारी येऊन बसतो. मैदानाचं नावही तसंच आलेलं आहे. १९२५ साली तयार झालेल्या 'माहीम पार्क'ला १९२७ मध्ये, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून आजचं नाव मिळालं. दिवाळीत इथल्या जुन्या इमारतींच्या आवारात अजूनही मातीचे किल्ले होतात. पोरं हळीव पेरतात, मावळे मांडतात, आणि तोफ चुकीच्या बुरुजावर ठेवली तर ते सांगायला पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एखादे आजोबा उभेच असतात.

इतिहासाला असे राखणदार असणं कधीकधी जाचक वाटतं, पण त्याचा उपयोग आहे. मराठीत ऐतिहासिक कादंबरीची परंपरा मोठी आहे. 'स्वामी' (१९६२) किंवा 'श्रीमान योगी' वाचून माणसं आजही इतिहासावर हिरिरीने बोलतात. तिथे लेखकाने एखादं पात्र उगाच खलनायक केलं, एखादा प्रसंग मनचा घातला, तर हिशोब मागायला लोक येतात: घराण्याचे वारस, अभ्यासक, संघटना, क्वचित कोर्टसुद्धा. यातली बरीच भांडणं फुकाची असतात हे मान्य. तरी 'भावना दुखावल्या' या आपल्याला कंटाळा आणणाऱ्या वाक्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे मेलेल्या माणसाबद्दल वाटेल ते बोलता येत नाही.

पण का येत नाही? मेलेल्याला त्रास होतो म्हणून, की जिवंत वारसाला होतो म्हणून?

हा प्रश्न मला पडला तो लहान मुलांच्या एका प्रकारच्या गोष्टींमुळे. इतिहासपूर्व काळातल्या, म्हणजे लेखन येण्याआधीच्या माणसांच्या गोष्टी. आपल्याकडे हा काळ फार दूरचा नाही. महाराष्ट्रात सापडणारे सगळ्यात जुने लेख म्हणजे सोपाऱ्याचे अशोकाचे, इ. स. पू. तिसऱ्या शतकातले. त्याच्या मागे सगळा अंधार, आणि त्या अंधारात माणसं खच्चून भरलेली. खुद्द मुंबईत लेफ्टनंट कमांडर टॉड या आरमारी अधिकाऱ्याने कांदिवली परिसरात दगडी हत्यारं गोळा केली आणि १९३९ साली त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. ती हत्यारं घडवणाऱ्यांचे वारस कोण? त्यांच्या बाजूने गॅलरीत कुणीही उभं नाही. त्यांच्याबद्दल वाटेल ते लिहिलं तर कुणाच्याच भावना दुखावणार नाहीत. मग त्यात काही चूक उरते का?

उरते, असं मला वाटतं. का, ते सांगायचा हा प्रयत्न.

*

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक गाव घेऊ. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. साधारण इ. स. पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. शंभराहून जास्त घरं सापडली. लोक जव, मसूर, कुळीथ पिकवत, गुरं पाळत, हरणांची शिकार करत. तांबड्या मडक्यांवर काळ्या रंगाची नक्षी काढत. तांबं थोडं, त्यामुळे रोजची कापाकापी दगडाच्या बारीक पात्यांनी.

मुलांच्या गोष्टीला याहून चांगली जागा मिळणार नाही. नदी आहे, गुरं आहेत, गोल झोपड्या आहेत, रात्री लांडगे असणार. लेखकाने आईच्या हातात मिरचीचा ठेचा किंवा भाजलेलं मक्याचं कणीस दिलं तर ती चूक होईल, कारण मका, मिरची, बटाटा, टोमॅटो ही मंडळी आपल्याकडे पोर्तुगीज आल्यावर आली. पण अशी चूक भाबडी असते. कुणीतरी दाखवून देतं, पुढच्या आवृत्तीत सुधारते.

अवघड जागा वेगळ्या आहेत. पहिली म्हणजे नाव. गोष्टीतल्या मुलीला नाव लागतं, आणि इनामगावातल्या एकाही माणसाचं नाव आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. ते कुठली भाषा बोलत हेही नाही. तिला 'तारा' म्हटलं की तिच्या तोंडात संस्कृत कुळातली भाषा घातली. द्राविडी वळणाचं नाव दिलं की दुसऱ्या बाजूने कौल दिला. या दोन्हींपासून पळायचं म्हणून लेखक बहुतेकदा तिसरीच वाट धरतात. गुहेतल्या माणसाला 'उगा', 'टुंबा', 'झक्कू' अशी नावं देतात आणि तोडकं-मोडकं बोलायला लावतात. ही वाट निरुपद्रवी दिसते, पण मला तीच सगळ्यात वाईट वाटते. मातीची घरं बांधणारी माणसं व्याकरणही मातीचंच वापरत असतील, असं ती मुलांना शिकवते. जगातल्या कुठल्याही जमातीची भाषा अर्धवट नसते. शिकारी जमातींच्या भाषांची व्याकरणं शिकताना भाषाशास्त्रज्ञांच्या नाकी नऊ येतात. आणि 'उगा'चं तोडकं बोलणं ऐकून हसलेलं मूल उद्या जव्हारच्या बाजारात वारली बोलणाऱ्या बाईचं बोलणं ऐकेल तेव्हा काय करेल, हा प्रश्न फक्त इतिहासाचा राहत नाही.

*

वारस नसलेल्यांची बदनामी किती सहज होते याचा जगातला मोठा दाखला निअँडरथलचा. १९०८ मध्ये फ्रान्समधल्या ला शापेल-ओ-सां इथे एक सांगाडा सापडला. मार्सेलँ बूल यांनी त्याचा अभ्यास करून माणूस उभा केला तो वाकलेला, गुडघ्यात दुमडलेला, निम्मा वानर. पुढची कित्येक वर्षं पुस्तकांतून आणि चित्रांतून तोच फिरत राहिला. एच. जी. वेल्स यांनी १९२१ साली एका कथेत त्याला मुलं पळवणारा राक्षस केलं. मग १९५७ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी तोच सांगाडा पुन्हा पाहिला आणि दाखवून दिलं की त्या म्हाताऱ्याला सांधेदुखी होती. एरवी निअँडरथल आपल्यासारखाच ताठ चालत असे. दोन वर्षं आधीच विल्यम गोल्डिंग यांनी 'द इनहेरिटर्स' या कादंबरीत गोष्ट उलटी करून, निअँडरथलच्या डोळ्यांनी आपल्याकडे पाहिलं होतं. २०१० मध्ये त्यांचा जनुकीय आराखडा वाचला गेला आणि आफ्रिकेबाहेरच्या सगळ्यांमध्ये त्यांचा थोडा अंश आहे असं निघालं. म्हणजे तुमच्या-माझ्यातही.

गंमत पाहा. इतकी वर्षं ज्याला राक्षस म्हटलं तो शेवटी नात्यातला निघाला. पण नात्यातला निघाला म्हणून ती बदनामी वाईट ठरली का? जनुकीय चाचणी उलटी आली असती, तर त्या सांधेदुखीने वाकलेल्या म्हाताऱ्याला राक्षस म्हणणं बरोबर ठरलं असतं का? याचं उत्तर सरळ 'नाही' असं येत असेल, तर मेलेल्यांबद्दलचं आपलं कर्तव्य वारसांच्या भावनांतून येत नाही. ते त्या माणसाच्या माणूस असण्यातून येतं. वारस फक्त आठवण करून देतात.

*

आता इनामगावातली सगळ्यात अवघड जागा. तिथे दोनशेहून जास्त दफनं सापडली आणि त्यांतली बहुतेक लहान मुलांची. घराच्या जमिनीत खड्डा करून, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि आत मूल. मोठ्या माणसांना उताणं, लांब पुरलेलं. आणि बऱ्याच जणांचे पाय घोट्यापाशी तोडलेले.

मी आठ वर्षांच्या मुलीला हे सांगितलं आहे. ती माझी भाची. गेल्या वर्षी माझ्या बहिणीचं दुसरं बाळ अकरा दिवसांचं होऊन गेलं. घरात त्याविषयी कुणी बोलत नव्हतं. मोठ्यांच्या कुजबुजीतून भाचीला एवढंच कळलं होतं, की आजोबांना जाळलं तसं बाळाला जाळलं नाही, पुरलं. एका रात्री माझ्याजवळ झोपली असताना ती म्हणाली, "मावशी, मातीत ती एकटीच कशी राहील?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. इनामगावची माहिती होती, कारण त्या सुमारास मी त्यावरच वाचत होते. मी सांगितलं, की आपल्या इथून फार लांब नाही अशा एका गावात, तीन हजार वर्षांपूर्वी, बाळ गेलं की लोक त्याला दोन मडक्यांत ठेवून घरातच पुरायचे. जिथे रांधायचे, झोपायचे, तिथेच खाली.

"का?"

"माहीत नाही. ज्यांनी खणलं त्यांना वाटतं, बाळ जवळ राहावं म्हणून असेल. दुसरंही काही कारण असू शकतं."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला वाटतं जवळ राहावी म्हणूनच." आणि थोड्या वेळाने, "पण माहीत नाही." झोपायच्या आधी तिने आणखी एक विचारलं, "तिला ताई होती?"

त्या रात्रीनंतर मी स्वतःशी वाद घातला. मेलेल्या मुलांची तीन हजार वर्षांपूर्वीची मडकी मी माझ्या घरच्या दुःखावर लेप म्हणून वापरली. त्या आईचं दुःख माझं नव्हतं, ते दुःख होतं हेही मला ठाऊक नाही. कदाचित तो नुसता रिवाज असेल. कदाचित भीती असेल, की बाळ भूत होऊन हिंडू नये. मोठ्यांचे पाय तोडलेले आहेत त्याचा अर्थ तसाच लावतात, मेलेला उठून जाऊ नये म्हणून. पण 'जाऊ नये' यात 'आम्हाला सोडून जाऊ नये' आणि 'बाहेर पडून आम्हाला छळू नये' असे दोन्ही अर्थ मावतात. खड्डा एकच, हाडं तीच. माया की भय, हे माती सांगत नाही. मी मायेच्या बाजूला झुकले, कारण त्या रात्री मला ती हवी होती.

तरी त्यात अन्याय झाला असं मला वाटत नाही, आणि त्याचं कारण भाचीच्या त्या दोन वाक्यांत आहे. 'मला वाटतं' आणि 'पण माहीत नाही'. मेलेल्यांकडून दिलासा घेणं वाईट नाही. आपण गीता, गाथा, आजीच्या आठवणी, सगळ्यांतून तो घेतोच. वाईट होतं ते दिलासा घेताना त्यांचं दार लावून टाकणं. हे असंच होतं, तेवढ्यासाठीच ती माणसं जगली, असं मुलांना सांगून मोकळं होणं. दार उघडं ठेवलं तर उद्या कुणी नवा पुरावा घेऊन आत येऊ शकतो. आणि येतातही. सुरुवातीची ऐसपैस चौकोनी घरं जाऊन पुढे लहान गोल झोपड्या आल्या, त्याचा संबंध ढवळीकरांनी कोरड्या पडत गेलेल्या हवामानाशी लावला. २०११ मध्ये ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगाव, नेवासे आणि दायमाबाद इथल्या लहान मुलांच्याच सांगाड्यांवरून हवामान आणि कुपोषणाची ही सगळी मांडणी पुन्हा तपासली. ज्यांना नावही उरलं नाही ती मुलं अजून साक्ष देत आहेत, आणि साक्ष बदलू शकते.

पायांची गोष्ट मी आठवड्याने सांगितली. नुसती मडकी सांगायची आणि पाय लपवायचे हे बरं नव्हतं. ज्या हातांनी मडकी लावली त्याच लोकांच्या हातांनी पाय तोडले होते. ती आधी "ई!" म्हणाली. मग विचारलं, "मेल्यावरच ना?" हो म्हटल्यावर म्हणाली, "मग दुखलं नसेल." मुलांना भीषण काही सांगू नये म्हणतात. मला वाटतं, मुलांना भीषण गोष्टी पेलतात. मोठ्यांनी आपल्याला बनवलं हे नंतर कळणं पेलत नाही.

*

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे डेटाबेसमध्ये रिकामी जागा आणि शून्य यांत फरक करतात. एखाद्याचं वय माहीत नाही, तर तिथे 'नल' असतं. तिथे शून्य भरलं, तर संगणक त्याला नवजात बाळ समजून पुढचे सगळे हिशोब करतो. सरासरी भरली तर हिशोब सुबक दिसतो आणि माणूस हरवतो. आता तर असं सॉफ्टवेअर आलं आहे की इनामगावची गोष्ट मागितली तर दहा सेकंदांत नावागावासकट, आईच्या अश्रूंसकट मिळते, आणि त्यात कुठली जागा मुळात रिकामी होती याचा पत्ताही लागत नाही.

इतिहासकाराला जागा रिकामी ठेवता येते. गोष्ट सांगणाऱ्याला येत नाही; मुलीला काहीतरी नाव द्यावंच लागतं, तिला ताई होती की नव्हती हे ठरवावंच लागतं. मग भरताना आधार कशाचा घ्यायचा? मला एक आधार सापडतो: खर्च. भावना मातीत टिकत नाहीत, पण कुणी काय खर्च केलं ते टिकतं. नेवाशाला याच काळातल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तांब्याच्या गंजामुळे आतल्या दोऱ्याचा तुकडा वाचला होता. ए. एन. गुलाटी यांनी तो तपासला, तर त्यात रेशमाचे आणि कापसाचे तंतू निघाले. (याच गुलाटींनी टर्नर यांच्याबरोबर मोहेंजोदडोच्या कापसावर काम केलं होतं, आमच्या इथून चालत जाता येईल अशा माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत.) तांबं तिथलं नव्हतं, दुरून यायचं. वितळवून त्याचा सुईदोरा, गळ, पातं काहीही झालं असतं. कुणीतरी ते केलं नाही. मुलाच्या गळ्यात राहू दिलं आणि माती लोटली.

यावरून 'आई रडली' असं म्हणता येत नाही. पण या मुलाचं जाणं घरच्यांच्या हिशोबी नव्हतं, असं कुणी म्हणालं तर त्याच्यापुढे ही माळ ठेवता येते. फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने १९६० मध्ये मांडलं होतं, की बालपण ही कल्पनाच अर्वाचीन आहे. त्यावरून पुढे असंही बोललं जाऊ लागलं, की पूर्वी मुलं इतकी मरायची की आईबाप त्यांच्यात जीव गुंतवत नसत. असेल कुठे तसंही. पण त्या मण्यांचा खर्च त्या बोलण्यात बसत नाही.

*

यावर दोन आक्षेप येतात. पहिला: गोष्टच तर आहे, एवढं काय! दुसरा अगदी उलटा: इतकी पथ्यं पाळायची तर कुणी लिहूच शकणार नाही, आणि मुलांना तळटीपा नको असतात.

दोन्हींचं उत्तर मुलांकडेच आहे. भातुकली खेळणारी मुलगी आपल्याला रिकामा कप देते आणि म्हणते, "हा खोटा-खोटा चहा." तिला 'खोटं' आणि 'खोटं-खोटं' यांतला फरक आपल्याहून नीट कळतो. खोटं म्हणजे समोरच्याला फसवणं. खोटं-खोटं म्हणजे दोघांनी मिळून ठरवणं. इतिहासपूर्व काळाची गोष्ट खोटी-खोटी असायला काहीच हरकत नाही. ती खोटी असू नये. तळटीप लागत नाही, कारण हा फरक दाखवायची सोय मराठीच्या क्रियापदांतच आहे. 'मडकी दोन होती.' 'बाळ जवळ राहावं म्हणून असेल.' 'समजा, तिला एक ताई होती.' होती, असेल, समजा. आजीच्या गोष्टीतल्या 'म्हणे'चंही तेच काम, मी पाहिलं नाही, ऐकलं, असं ती प्रामाणिकपणे सांगून टाकायची आणि तरी राक्षस यायचा तेव्हा आपण पांघरूण ओढून घ्यायचो. 'समजा'ने गोष्टीची गोडी कमी होत नाही. उलट मूल आत येतं, कारण 'समजा' हा त्याच्या खेळातला शब्द आहे.

मात्र या खेळात एक भिडू असा आहे ज्याला विचारता येत नाही. भातुकलीत एकाच मुलाला सारखं चोर केलं तर तो रडतो, रुसतो, खेळ सोडून घरी जातो. मेलेल्याला खेळ सोडता येत नाही. निअँडरथल पन्नास वर्षं चोर राहिला. म्हणून त्याच्या वाटणीचं थोडं आपणच बोलायला हवं. त्याला सारखं चोर करू नये आणि सारखं देवही करू नये. 'आपले थोर पूर्वज' हे लेबलसुद्धा एक प्रकारचा कब्जाच असतो. इनामगावच्या मुलीला मराठी करून टाकलं, हिंदू करून टाकलं, आदिवासी करून टाकलं, की ती आपल्या आजच्या भांडणातली साक्षीदार होते, आणि तिची उलटतपासणी कुणालाच घेता येत नाही.

आमच्या धंद्यात एक जुना अनुभव आहे. ज्या कोडचा रिव्ह्यू होणार असतो तो सगळेच नीट लिहितात. जो कुणी कधीच उघडून पाहणार नाही, तो कसा लिहिला आहे यावरून माणूस कळतो. वारसांच्या इतिहासात आपण सांभाळून बोलतो, त्यात थोडी सचोटी आणि बरीचशी भीती असते. त्यांतली भीती वजा केली तर खाली किती उरतं, हे या बिननावाच्या माणसांच्या गोष्टींत दिसतं. म्हणून अशी पुस्तकं मराठीत भरपूर यायला हवीत असं मला वाटतं. किल्ल्यांच्या जागी नव्हेत, किल्ल्यांच्या शेजारी.

इनामगावात एका घराच्या जमिनीखाली मातीची एक झाकणाची डबी सापडली. आत कच्च्या मातीची एक बिनडोक्याची बाई आणि एक बैल. दोघांना छिद्रं अशी, की काडी घालून तिला बैलावर बसवता येईल. अभ्यासकांनी तिला देवी म्हटलं, मुलाबाळांचं रक्षण करणारी असावी म्हटलं, आणि तसं म्हणायला त्यांच्याकडे कारणं आहेत. भाचीला मी चित्र दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "ही बाहुली आहे. डबीत ठेवलीय, हरवू नये म्हणून." मी तिला अभ्यासकांचं मत सांगितलं. तिने दोन्हींचा विचार केला आणि विचारलं, "देवी असली तर खेळता येत नाही का?"